सामुद्रधुनीपलीकडचे गाव

युरोपातील कारखान्यांना उन्हाळ्याची सुटी लागली की बेल्जियम, हॉलंड, फ्रान्स आणि जर्मनी या देशांतून दक्षिणेकडे जाणाऱ्या महामार्गांवर एका विशिष्ट प्रकारची मोटार मोठ्या संख्येने दिसू लागते. तिच्या टपावर गाठोडी, सतरंज्या, मुलांच्या सायकली, क्वचित एखादे जुने शिवणयंत्र असे सारे ताडपत्रीखाली दोरखंडाने आवळून बांधलेले असते. आत आईवडील, एखादी वृद्ध आजी आणि तीन-चार मुले दाटीवाटीने बसलेली असतात. ही कुटुंबे मोरोक्कोची. दोन-सव्वादोन हजार किलोमीटरांची वाट तुडवून, दोन-तीन देशांच्या सीमा ओलांडून ती स्पेनच्या दक्षिण टोकाला पोचतात. तेथे मोटारीसह बोटीत चढतात आणि जिब्राल्टरची सामुद्रधुनी पार करून आफ्रिकेच्या भूमीवर उतरतात. २०२४ च्या उन्हाळ्यात स्पेन आणि उत्तर आफ्रिका यांच्यामध्ये अशा रीतीने ये-जा करणाऱ्यांची संख्या सुमारे ३४ लाख होती, आणि वाहनांची संख्या ८ लाखांहून अधिक होती.

परदेशी मोटारप्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हौशी प्रवाशाचे चित्र येते. येथे हौसेचा भाग थोडा आहे. गावी म्हातारे आईवडील आहेत, बहिणीचे लग्न ठरले आहे, अर्धवट बांधलेल्या घरावर यंदा छप्पर घालायचे आहे, अशा कारणांनी ही माणसे निघतात. या प्रवासाची आखणी कोण करतो, ती कशी होते आणि ती कोठे कोलमडते, हे पाहिले तर राज्यसंस्था आणि श्रमिक यांच्या नात्याविषयी बरेच काही शिकता येते. म्हणून या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

पाहुणे जे राहून गेले

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपातील उद्योग वाढले आणि त्यांना माणसांची वाण पडू लागली. पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांनी १९६३ मध्ये, बेल्जियमने १९६४ मध्ये आणि हॉलंडने १९६९ मध्ये मोरोक्कोशी कामगारभरतीचे करार केले. रीफच्या डोंगराळ मुलखातील आणि दक्षिणेकडील सूस प्रदेशातील तरुण या करारांन्वये कोळशाच्या खाणींत, पोलादाच्या आणि मोटारींच्या कारखान्यांत, रस्त्यांच्या व इमारतींच्या कामांवर रुजू झाले. ही माणसे काही वर्षे राबतील, चार पैसे गाठीला बांधतील आणि परत जातील, असे त्या वेळी दोन्ही बाजूंनी गृहीत धरले होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर नव्या भरतीची दारे मिटली. आता एकदा परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या भीतीने जे तेथे होते ते तेथेच राहिले, आणि त्यांनी हळूहळू बायकामुलांनाही बोलावून घेतले. परत जातील म्हणून ज्यांना आणले ते असे राहून गेले. आणि राहून गेल्यामुळेच ते दर उन्हाळ्यात परत जाऊ लागले.

विमान असताना मोटार कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. सहा माणसांची विमानाची तिकिटे आणि एका मोटारीचे इंधन यांचा हिशेब मांडला की अर्धे उत्तर मिळते. उरलेले अर्धे टपावरच्या गाठोड्यांत असते. वर्षभर परदेशी राहिलेला मुलगा गावात रिकाम्या हाताने कसा उतरणार? शिवाय डोंगरातल्या गावी महिनाभर राहायचे तर आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला, नातेवाइकांकडे जायला मोटार हाताशी लागते. आता तिसरी पिढी ही वाट चालत आहे. तिचा जन्म ब्रसेल्सचा वा रॉटरडॅमचा, तिची बोली फ्रेंच वा डच. पण आजोबांच्या गावची वाट तिला मोटारीच्या मागच्या काचेतून पाठ झालेली आहे.

कागदांची बांधाबांध

अशा प्रवासाची तयारी नकाशापासून सुरू होत असेल अशी आपली समजूत असते. अनुभवी कुटुंबांत ती कपाटातील कागदपत्रांपासून सुरू होते. घरातील प्रत्येकाचे पारपत्र आणि वास्तव्याचा परवाना यांच्या मुदती प्रथम पाहाव्या लागतात. वास्तव्याचा परवाना परतीच्या तारखेआधी संपत असेल तर जाणे सोपे आणि येणे अवघड, अशी अवस्था होते. त्यानंतर मोटारीची कागदपत्रे. मोटार चालवणाऱ्याच्या नावावर नसेल, थोरल्या भावाची वा मित्राची असेल, तर मालकाचे अधिकारपत्र जवळ लागते. ते नसेल तर मोरोक्कोचे जकात अधिकारी मोटार आत सोडत नाहीत.

विम्याचा विषय याहून नाजूक आहे. एका देशात काढलेला मोटारीचा विमा दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठी १९५३ पासून 'ग्रीन कार्ड' नावाची व्यवस्था युरोपात सुरू आहे आणि मोरोक्को तिचा सदस्य आहे. या कार्डावर देशांची आद्याक्षरे छापलेली असतात. ज्या देशापुरता विमा लागू नाही त्याचे अक्षर खोडलेले असते. मोरोक्कोचे अक्षर खोडलेले आहे की नाही, एवढे पाहायचे राहिले तर बंदरावर उतरताच नवा विमा काढण्याचा भुर्दंड बसतो. नाव हिरव्या कार्डाचे असले तरी अलीकडे ते पांढऱ्या कागदावर छापलेले असले तरी चालते, हा सुधारणेचा एक गमतीदार भाग.

मोटार मोरोक्कोत उतरली म्हणजे तिची नोंद तात्पुरती आयात म्हणून होते. परदेशस्थ मोरोक्कन नागरिकाला ती वर्षात सहा महिन्यांपर्यंत तेथे ठेवता येते. पण ज्याच्या नावावर ती नोंदली त्याने ती परत न्यावीच लागते. मोटार भावाकडे ठेवून आपण विमानाने परतलो, असे करता येत नाही. यामागचे कारण उघड आहे. परदेशी मोटार जकात न भरता देशात विकली जाऊ नये, ही प्रत्येक सरकारची चिंता असते. भारत, पाकिस्तान, इराण यांसारख्या देशांत परदेशी मोटार नेताना 'कार्ने' नावाची जी पुस्तिका बाळगावी लागते, तिचाही हेतू हाच. प्रवेशाच्या वेळी तिचे एक पान फाडले जाते, निर्गमनाच्या वेळी दुसरे. आणि मोटार परत गेली नाही तर पुस्तिका देणाऱ्या संस्थेला जकात भरावी लागते. सीमा माणसापेक्षा त्याच्या वाहनाकडे अधिक संशयाने पाहते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

कागद जुळले की मग रस्ता. ब्रसेल्सहून पॅरिस, बोर्दो, पिरनीज पर्वताच्या पश्चिम टोकाशी इरून, पुढे बुर्गोस, माद्रिद आणि तेथून खाली अल्जेसिरास असा हा मार्ग. एकट्या माणसाने न थांबता तो कापण्याची शर्यत पूर्वी फार चाले, आणि त्या शर्यतीत डोळा लागून संसार रस्त्यावर आल्याची उदाहरणे अशा प्रत्येक वस्तीत सांगितली जातात. स्पेनच्या पठारावर जुलैमध्ये पारा चाळीस अंशांवर जातो. म्हणून मुक्काम कोठे करायचा, चालक किती, मुलांना पाणी किती, हे आधी ठरवावे लागते. समुद्रतीरी पोचल्यावर घड्याळाचा घोळ असतो. उन्हाळ्यात स्पेनचे घड्याळ मोरोक्कोच्या पुढे असते आणि बोट सुटते ती बंदराच्या घड्याळाप्रमाणे; परतताना हा फरक विसरणाऱ्यांची बोट डोळ्यांदेखत निघून जाते.

चौदा किलोमीटर पाणी

एवढ्या सायासांपुढे प्रत्यक्ष समुद्र मात्र अगदीच लहान आहे. सामुद्रधुनीची सर्वांत अरुंद जागा सुमारे १४ किलोमीटरांची. टारिफाहून टँजियर शहराला सुमारे एक तास लागतो. अल्जेसिरासहून टँजियरच्या पूर्वेला बांधलेल्या नव्या बंदराला साधारण दीड तास. भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह मांडव्याला जाणाऱ्या बोटीचा प्रवास ज्यांनी केला आहे, त्यांना या अंतराची कल्पना सहज येईल. निरभ्र दिवशी युरोपातून आफ्रिकेचे डोंगर दिसतात. या पाण्याखालून बोगदा काढण्याच्या दृष्टीने स्पेन आणि मोरोक्को यांनी १९८० मध्येच करार केला. पण जेथे समुद्र त्यातल्या त्यात उथळ आहे तेथेही खोली ३०० मीटरांच्या आसपास आहे, त्यामुळे आजवर ते काम अभ्यासापलीकडे गेलेले नाही. बोटीला पर्याय नाही.

वर्षभर या बोटी सुखेनैव चालतात. प्रश्न येतो तो एकाच आठवड्यात लाखो माणसे तीरावर येऊन थडकली म्हणजे. जुलैचा अखेरचा आणि ऑगस्टचा पहिला आठवडा हा असा काळ. वाहनांच्या रांगा शहराबाहेर जात; भर उन्हात, पाण्यावाचून, लहान मुलांसह तासन्‌तास ताटकळावे लागे. या माणसांकडे उपद्रव म्हणून पाहणे, त्यांना हाकलून रांगेत उभे करणे, एवढेच करून यंत्रणा मोकळी झाली असती. स्पेनने १९८६ पासून वेगळा मार्ग धरला. 'सामुद्रधुनी पार करण्याची मोहीम' अशा अर्थाचे नाव देऊन त्याने या प्रवासाला शासकीय कामाचा दर्जा दिला. दरवर्षी १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत ही मोहीम चालते. उन्हाळ्यापूर्वी स्पेन आणि मोरोक्को यांच्या अधिकाऱ्यांची संयुक्त बैठक होते. कोणत्या दिवशी किती बोटी लागतील याचा अंदाज बांधला जातो. गर्दीचे दिवस आधी जाहीर करून ते टाळण्याची विनंती केली जाते. बंदराबाहेर मोकळी मैदाने वाहनतळ म्हणून राखली जातात. तेथे सावली, पाणी, स्वच्छतागृहे, डॉक्टर, दुभाषी आणि रेडक्रॉसचे स्वयंसेवक असतात.

या साऱ्या व्यवस्थेतील एक नियम मला विशेष मोलाचा वाटतो. गर्दीच्या काळात अल्जेसिरास आणि टारिफा येथे एका कंपनीचे तिकीट दुसऱ्या कंपनीच्या बोटीवर चालते. ज्याची मोटार पुढे, तो मिळेल त्या पहिल्या बोटीत चढणार. पैशांचा हिशेब कंपन्यांनी नंतर आपापसांत करायचा. नियम अगदी साधा; पण तो अमलात आणायचा तर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांना एका मेजाशी बसवावे लागते, आणि हे काम राज्यसंस्थेवाचून दुसरे कोणी करू शकत नाही. प्रवासी कितीही शहाणा असला, त्याने कितीही चोख आखणी केली, तरी त्याच्या हाती नसलेला जो भाग असतो तो असा.

पलीकडच्या तीरावर मोरोक्को सरकारने या मोहिमेला 'मरहबा' म्हणजे 'स्वागत' असे नाव दिले आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेले मोहम्मद पाचवे प्रतिष्ठान ती चालवते आणि त्याची मदतकेंद्रे मोरोक्कोच्या बंदरांप्रमाणेच युरोपातील काही बंदरांवरही असतात. मोरोक्कोला या स्वागतात स्वारस्य असणे साहजिक आहे. २०२२ पासून परदेशस्थ मोरोक्कनांनी घरी पाठवलेली रक्कम वर्षाला १०० अब्ज दिरहमांच्या पुढे गेली. ज्याच्या घामावर गावची घरे उभी राहतात त्याला बंदरावर पाणी मिळाले, तर त्यात उपकार कसला? परंतु उपकार नसलेली गोष्टही पुष्कळ सरकारे करीत नाहीत, हेही तितकेच खरे.

दोन सरकारांची मर्जी

ही व्यवस्था कशावर उभी आहे ते २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी दाखवून दिले. २०२० मध्ये महासाथीमुळे मोहीम रद्द झाली. त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. २०२१ ची गोष्ट निराळी. पश्चिम सहारासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ संघटनेच्या नेत्यावर स्पेनच्या रुग्णालयात उपचार झाल्याचे उघडकीस आले आणि मोरोक्कोने ते मनाला लावून घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात दोनच दिवसांत सुमारे आठ हजार माणसे सेउता शहरात घुसली. सेउता हे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे स्पेनचे शहर. १४१५ मध्ये पोर्तुगीजांनी ते जिंकले. ज्या सागरी विस्ताराची पुढची पायरी १५१० मध्ये गोवा ठरली त्याची पहिली पायरी हीच. सतराव्या शतकात ते स्पेनकडे गेले आणि आजही युरोपची सीमा तेथे आफ्रिकेच्या मातीवर उभी आहे. या भांडणाचा शेवट असा झाला, की जूनमध्ये मोरोक्कोने त्या वर्षीच्या प्रवासातून स्पेनची बंदरे वगळली. बोटी निघाल्या त्या फ्रान्स आणि इटलीच्या बंदरांतून. तासा-दीड तासाच्या पाण्याऐवजी दोन दिवसांच्या आसपास समुद्रप्रवास आणि त्या मानाने भाडे, अशी पाळी त्या कुटुंबांवर आली.

सामुद्रधुनी त्या उन्हाळ्यातही तेवढीच होती. वारा तोच, बोटी त्याच, बंदरे तीच. दोन सरकारांतील बोलणे तुटले एवढेच. २०२२ मध्ये ते पुन्हा जुळले आणि मोटारी पुन्हा अल्जेसिरासला लागल्या. याउलट उदाहरण शेजारीच आहे. मोरोक्को आणि अल्जीरिया यांच्यामध्ये पाण्याचा थेंब आडवा येत नाही. एकच जमीन, सोयरीकही एकमेकांत. पण १९९४ पासून ही सीमा बंद आहे. सीमेच्या अलीकडील गावातून पलीकडे दिसणाऱ्या गावात जायचे तर माणसाला तिसऱ्या देशातून फेरा घालावा लागतो. प्रवासाची सुगमता भूगोल ठरवतो, ही आपल्या शालेय पुस्तकांनी करून दिलेली समजूत येथे टिकत नाही.

मोटारबोटीच्या वाटेने सगळ्यांनाच जाता येते, असाही गैरसमज नको. मे १९९१ मध्ये स्पेनने मोरोक्कन नागरिकांवर व्हिसाची अट घातली. तोवर जो तरुण पारपत्र दाखवून बोटीत बसू शकत असे तो यानंतर दारातच अडला. त्याआधीही, १ नोव्हेंबर १९८८ रोजी, मोरोक्कोहून निघालेली एक लहान नाव टारिफाजवळ बुडाली आणि तिच्यातील माणसांची प्रेते वाळूत लागली. तेव्हापासून असे बळी मोजण्याचे काम संपलेले नाही. ज्या पाण्यावरून वास्तव्याचा परवाना असलेला माणूस मोटारीसह तासाभरात जातो, त्याच पाण्यात परवाना नसलेला माणूस रात्री लहान नावेतून निघतो. त्यामुळे या मोहिमेचे कौतुक करताना ते बेताने करावे लागते. ज्यांचे श्रम युरोपने स्वतः बोलावून घेतले त्यांच्यापुरती ती माणुसकी आहे. पण आहे तेवढी खरी आहे, आणि ती व्यवस्थेच्या रूपाने उभी आहे, हे नाकारता येत नाही.

सवलत आणि व्यवस्था

हे सारे वाचताना कोकणातील वाचकाला गणपतीच्या दिवसांची आठवण झाली असेल. तेथे सीमा नाही, पारपत्र नाही. पण शहरात राबणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा घरच्या देवापाशी पोचण्यासाठी जिवाचा आटापिटा करायचा, हे सूत्र एकच. जादा एसटी गाड्या आणि विशेष रेल्वेगाड्या सुटतात, त्यामागील कर्मचाऱ्यांचे श्रम मोठे असतात, हे मान्य केले पाहिजे. तथापि मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ मध्ये सुरू झालेले चौपदरीकरण डझनभर गणेशोत्सव उलटूनही अपुरेच राहिले, आणि दरवर्षी सणाच्या तोंडावर पथकर माफ केल्याची घोषणा मात्र वेळेवर झाली. सवलत देणे आणि व्यवस्था लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सवलत घोषणेच्या दिवशी पूर्ण होते. व्यवस्थेचे काम सण संपल्यावर सुरू व्हावे लागते; यंदा रांग कोठे लागली, पाणी कोठे कमी पडले, कोणत्या दिवशी किती वाहने आली, हे लिहून ठेवून पुढच्या वर्षीचा आराखडा करावा लागतो. स्पेनच्या मोहिमेत नवल असे काही नाही. जे दरवर्षी होणार हे ठाऊक आहे ते होणार असे धरून चालणे, एवढीच तिची रीत.

श्रमिक दूरदेशी जातो तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे गावही जाते, ही गोष्ट भरतीचे करार करणाऱ्यांच्या लक्षात आली नव्हती. त्यांनी हात मागवले. हातांच्या मागे आईवडील, शेत, विहीर, लग्ने आणि कबरी होत्या. दर उन्हाळ्यात टपावर गाठोडी बांधून निघणारी मोटार ही त्या विसरलेल्या गोष्टीची आठवण आहे. तिच्या मालकाने आपल्या वाटणीची आखणी चोख केलेली असते: विमा, परवाने, मुक्काम, पाणी, घड्याळ. दोन तीरांवरच्या सरकारांनी आपल्या वाटणीची केली, तर चौदा किलोमीटरांचे पाणी त्याला फारसे अडवत नाही.